मुंबईत डिसेंबरात पावसाची प्रार्थना: ज्यू धर्म आणि त्याची जमीन

डिसेंबरचा पहिला आठवडा. कोकणात भात झोडून झालेलं असतं, आंब्याला मोहोर फुटू लागलेला असतो, आणि या दिवसांत आभाळ भरून आलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. नेमक्या याच आठवड्यात, ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून (येणारं वर्ष लीप असेल तर ५ पासून), मुंबई-ठाण्यातला नेमाने प्रार्थना करणारा ज्यू माणूस रोजच्या प्रार्थनेत एक मागणं वाढवतो: दव दे, पाऊस दे. वसंतात पेसाखचा सण येईपर्यंत हे मागणं चालतं. जूनमध्ये अलिबागचा शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा मात्र प्रार्थनेतल्या त्या ठरलेल्या जागी पाऊस नसतो.

कारण सरळ आहे. ही प्रार्थना ज्या जमिनीवर घडली तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पण गंमत पुढे आहे. खुद्द त्या देशात, म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये, हे मागणं डिसेंबरपर्यंत थांबत नाही. ते हिब्रू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू होतं. हीच तारीख का, याचं उत्तर मिश्ना या जुन्या धर्मशास्त्रात आहे. सुक्कोतच्या सणाला जेरुसलेमच्या मंदिरात आलेले यात्रेकरू पायी घरी परतत. सगळ्यांत लांबच्या माणसाला युफ्रेटिस नदी गाठायला सणानंतर पंधरा दिवस लागत. तोवर पाऊस मागायचा नाही, बिचारा वाटेत भिजेल. ते मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये पाडलं, यात्रा बंद पडल्या, तारीख मात्र जागची हलली नाही.

मग डिसेंबर कुठून आला? तो बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकचा. तिथल्या सखल, नद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या मुलखाला पाऊस जरा उशिरा लागे, म्हणून तिथल्या ज्यूंनी शरद संपातानंतर साठ दिवसांनी मागायला सुरुवात केली. पुढे मायभूमीबाहेरचं सगळं जग बाबिलोनच्या खात्यात जमा झालं. लंडन काय, न्यूयॉर्क काय, मुंबई काय, तारीख एकच.

ज्यांना भलत्याच ऋतूत पाऊस लागतो त्यांनी काय करायचं, हा प्रश्नही जुनाच आहे. आम्हाला तर उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं, असं निनवे शहरातल्या ज्यूंनी यहूदा हनासी या मोठ्या रब्बींना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारल्याची नोंद तल्मूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथात आहे. उत्तर असं आलं की तुमची गरज ही व्यक्तीची गरज समजा, आणि प्रार्थनेत जिथे प्रत्येक जण आपापलं मागणं मांडतो तिथे ती मांडा. सगळ्या समाजाच्या नावाने जे मागणं आहे, त्याचा ऋतू बदलणार नाही.

ज्यू लोकांचं 'मायभूमीशी नातं' म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट १९४८ वर, म्हणजे इस्रायल राज्याच्या स्थापनेवर, किंवा युद्धाच्या बातम्यांवर जाते. ते नातं राजकारणाच्या कितीतरी आधी रोजच्या आचारात, शेतीच्या नियमांत आणि पंचांगात मुरलेलं आहे. ते तिथे पाहिलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

विश्वास थोडक्यात, आचार तपशिलात

ज्यू धर्माचा गाभा दोन-तीन वाक्यांत सांगता येतो. ईश्वर एक आहे, त्याची मूर्ती नाही. त्याने अब्राहामाशी आणि पुढे सिनाय पर्वतावर सगळ्या लोकांशी करार केला. त्या करारात लोकांनी नियम पाळायचे, आणि ईश्वराने त्यांना आपलं म्हणायचं, राहायला एक भूमी द्यायची. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली, ती बहुतेक प्रार्थनापुस्तकांत असतात. पण ज्यू माणसाला 'तुझी श्रद्धा कशावर आहे' यापेक्षा 'तू काय पाळतोस' हा प्रश्न जास्त जवळचा वाटतो. इतरांनी ज्यू व्हावं असा आग्रहही नाही. बाकीच्या मानवजातीसाठी खून, चोरी, मूर्तिपूजा, व्यभिचार टाळणं, न्यायालयं चालवणं असे सात मूलभूत नियम परंपरेने पुरेसे मानले आहेत.

ज्यूंसाठी मात्र आज्ञा ६१३. त्यांत २४८ 'करा' आणि ३६५ 'करू नका'. त्या तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच ग्रंथांत आहेत. पण तोरा फार आखडतं बोलते. 'शब्बाथला', म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, 'काम करू नकोस' एवढं सांगून ती मोकळी. काम म्हणजे काय? शेत नांगरणं हे काम, ते पटतं. गाठ मारणं? दोन अक्षरं लिहिणं? दिवा विझवणं? मिश्नाने अशा कामांचे ३९ प्रकार लावून दिले आणि हे सगळे शब्बाथला वर्ज्य ठरले. आज लिफ्टचं बटण दाबावं की नाही, हा वाद याच ३९ प्रकारांच्या चौकटीत चालतो.

मिश्ना इ.स. २०० च्या सुमारास उत्तरेकडच्या गालील भागात यहूदा हनासी यांनी संपादित केली. निनवेच्या लोकांनी ज्यांना विचारलं तेच हे. तिच्यावर पुढच्या काही शतकांत दोन ठिकाणी खल झाला, मायभूमीत आणि बाबिलोनमध्ये. म्हणून तल्मूद दोन आहेत: जेरुसलेमचा आणि बाबिलोनचा. दोन्हींत वाद जसेच्या तसे ठेवले आहेत. हरलेल्या बाजूचं म्हणणंही खोडलेलं नाही, पुढच्या पिढीला कदाचित तेच लागेल म्हणून. सोळाव्या शतकात गालीलमधल्याच सफेद गावी योसेफ कारो यांनी या सगळ्यातून 'शुल्खान आरूख' हा नियमसंग्रह काढला. परंपरानिष्ठ घरात काही अडलं की आजही आधी त्याच्याकडे बघतात.

आता एक बारीक गोष्ट बघा. मिश्नाचे सहा भाग आहेत आणि पहिल्याचं नाव आहे 'बियाणं'. त्यात अकरा प्रकरणं. पहिलं प्रार्थनांबद्दल, उरलेली दहा शेतीबद्दल: शेताचा कोपरा गरिबांसाठी न कापता सोडणं, पिकातला दशांश काढणं, एका शेतात दोन पिकं मिसळू न देणं, नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं न खाणं. जेरुसलेमच्या तल्मूदमध्ये या अकराही प्रकरणांवर चर्चा आहे. बाबिलोनच्या तल्मूदमध्ये फक्त पहिल्यावर, प्रार्थनेवर. बाबिलोनचे पंडित आळशी होते असं नाही, त्यांचा ग्रंथ एरवी भलामोठा आहे. पण शेतीच्या यातल्या बहुतेक आज्ञा त्या एका भूमीतल्या मातीलाच लागू होतात. बाबिलोनच्या शेतात दुसऱ्या कुणाचे नियम चालत होते, तेव्हा तो भाग त्यांच्या रोजच्या जगण्यातून आपोआपच मागे पडला.

असे नियम असले की हद्दीचा प्रश्न येतोच. बेत शआन शहराच्या दक्षिणेला रेहोव येथे एका जुन्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाची, फरशी उत्खननात सापडली. तिच्यावर दगडी तुकड्यांचा २९ ओळींचा लेख आहे, साधारण सहाव्या-सातव्या शतकातला. देवाची स्तुती असेल असं वाटतं, पण आहे ती यादी: कोणत्या गावच्या कोणत्या भाज्या, कोणती फळं या नियमांत येतात, कोणती येत नाहीत, नियमाची हद्द कुठून कुठे जाते. काकड्या, कलिंगडं, कांदे. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाच्या पायाखालीच सगळा तपशील मांडून ठेवलेला. ज्यू धर्माबद्दल मला कुणी एकच वस्तू दाखवायला सांगितली तर मी ही फरशी दाखवीन.

सातव्या वर्षी शेत मोकळं

जमिनीच्या नियमांचा कळस म्हणजे श्मिता. सहा वर्षं पेरा, छाटा, कापा, सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्या. त्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. जे आपोआप उगवेल ते कुणाचंही: मालकाचं, मजुराचं, परक्याचं, गुराढोरांचं, रानातल्या जनावरांचंही. कुंपणाला कुलूप लावायचं नाही. त्या पिकाचा नेहमीसारखा व्यापार करायचा नाही आणि ते वाया घालवायचं नाही.

यामागचं कारण लेवीय या ग्रंथात स्पष्ट दिलं आहे. ईश्वर म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहणारे उपरे आहात. हे वाक्य मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या ग्रंथात भूमीचं वचन आहे त्याच ग्रंथात मालकी नाकारलेली आहे. आणि धमकीही आहे: सातव्या वर्षाची विश्रांती दिली नाहीत तर तुम्हाला हाकलून दिलं जाईल, आणि तुम्ही परक्या मुलखात असाल तेव्हा जमीन आपली थकलेली विश्रांती भरून काढील. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या राजाने जेरुसलेम पाडून लोकांना नेलं, त्याचा अर्थ बायबलमधल्या इतिहासग्रंथाने असाच लावला: जमिनीची बाकी राहिलेली विश्रांती फिटेपर्यंतची सत्तर वर्षं.

सातव्या वर्षाचं आणखी एक कलम आहे, कर्जमाफीचं. तेही तितकंच कडक: वर्षअखेर उसनं दिलेलं बुडालं म्हणायचं. परिणाम ओळखण्यासारखाच झाला. सातवं वर्ष जवळ आलं की लोक उसनं देईनासे झाले, आणि ज्या गरिबासाठी नियम केला तोच उपाशी राहू लागला. इसवी सनाच्या आगेमागे हिलेल या रब्बींनी तोडगा काढला. त्याचं नाव प्रोझबुल. कर्ज देणाऱ्याने एका कागदाने वसुली न्यायालयाच्या हवाली करायची. माफी व्यक्तीच्या येणे रकमेला लागू होते, न्यायालयाच्या नाही. नियमाचं अक्षर राहिलं, गरिबाला उसनंही मिळू लागलं. यावर कुणी 'पळवाट' म्हणून नाक मुरडेल. ज्यू कायद्याच्या आतून पाहिलं तर ती दुरुस्ती आहे, आणि ती करायला हिलेलसारख्या अधिकारी माणसाची सही लागते.

शतकानुशतकं श्मिता बहुतेक ज्यूंसाठी पुस्तकातली गोष्ट होती. १८८० च्या दशकात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी त्या भूमीत शेतवस्त्या वसवल्या आणि १८८८-८९ च्या सातव्या वर्षी ती दारात येऊन उभी राहिली. नव्या बागा एक वर्ष टाकून द्यायच्या म्हणजे वस्तीच उठायची. काही मोठ्या रब्बींनी सवलत दिली: जमीन वर्षापुरती ज्यू नसलेल्या माणसाला विकल्याचं दाखवा, मग शेतीला मोकळीक. जेरुसलेममधल्या बऱ्याच रब्बींनी ती धुडकावली. १९०९-१० च्या श्मितेत याफाचे रब्बी अव्राहाम यित्झाक कूक यांनी ती पुन्हा दिली, पण ही अडचणीतली सोय आहे, आदर्श नव्हे, असं बजावून.

आज इस्रायलमध्ये सरकारी मुख्य रब्बीपीठ दर श्मितेला ही विक्री करतं. ज्यांना ती पटत नाही त्यांचे मार्ग वेगळे. कुणी अरब शेतकऱ्यांकडचा किंवा बाहेरदेशचा माल घेतो. कुणी जमिनीपासून तोडलेल्या मांडण्यांवर हरितगृहात वाढवलेली भाजी घेतो. एक पद्धत अशी की धार्मिक न्यायालय शेतकऱ्याला आपला कामगार म्हणून नेमतं, आणि गिऱ्हाईक फळांची किंमत देत नाही, तोडणी-वाहतुकीची मजुरी देतं. मालावर श्मितेचं पावित्र्य असल्यामुळे उरलेल्या साली, बाठे सरळ कचऱ्यात टाकता येत नाहीत. पाळणाऱ्या घरांत त्यासाठी वेगळी पिशवी किंवा डबा असतो. त्यातलं सगळं सडून खाण्यालायक राहिलं नाही की मगच ते फेकायचं. स्वयंपाकघरात कुजत पडलेल्या संत्र्याच्या सालींना इतका मान देणारा दुसरा कायदा मला तरी माहीत नाही.

गेली श्मिता सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ होती, पुढची सप्टेंबर २०२८ ला लागते.

एक सण, दोन हिशेब

हिब्रू महिने चंद्राचे, पण पेसाख वसंतातच, जव पिकतात तेव्हाच यायला हवा. म्हणून आपल्या अधिकमासासारखा तेरावा महिना १९ वर्षांत सात वेळा घालतात. हे झालं गणित. पण पूर्वी गणितावर काम चालत नसे. नवी कोर पाहिलेले साक्षीदार जेरुसलेमच्या न्यायालयापुढे येत, त्यांची उलटतपासणी होई, मग महिना जाहीर होई. तो निरोप डोंगरावरच्या मशालींनी धाडत. जैतुनाच्या डोंगरावर पहिली मशाल, तिथून सरतबा, तिथून पुढे हौरान, असं करत बाबिलोनपर्यंत. मशाल धरणारा ती तोवर हलवत राही जोवर पुढच्या डोंगरावरची मशाल त्याला दिसत नाही. मग शोमरोनी या दुसऱ्या पंथाच्या लोकांनी खोट्या मशाली पेटवून घोळ घातला, आणि माणसं पाठवणं सुरू झालं.

माणूस उशिरा पोचतो. लांबच्या गावांना महिना नक्की कुठल्या दिवशी लागला हे सण आला तरी कळलेलं नसे. म्हणून त्यांनी सण दोन दिवस धरायचा. चौथ्या शतकाच्या सुमारास पंचांग गणिताने पक्कं झालं, शंकेला जागा उरली नाही, पण तल्मूदने सांगितलं: वाडवडिलांची चाल सोडू नका. म्हणून परंपरानिष्ठ ज्यूंचा पेसाख आजही इस्रायलमध्ये सात दिवसांचा आणि बाहेर आठ दिवसांचा असतो. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडकडीत उपास तेवढा सगळीकडे एकच दिवस, दोन दिवस उपाशी ठेवायची हिंमत कुणी केली नाही. मुंबईचा माणूस सणाला जेरुसलेमात असेल तर त्याने एक दिवस पाळायचा की दोन, यावर रब्बींमध्ये अजून मतभेद आहेत. उत्तर बरंचसं एका प्रश्नावर ठरतं: परत जाणार आहेस का?

तोंड करायची दिशाही अशीच ठरते. देशाबाहेर असाल तर देशाकडे, देशात असाल तर जेरुसलेमकडे, जेरुसलेमात असाल तर मंदिराच्या जागेकडे तोंड करून प्रार्थना करायची. पोलंडच्या ज्यू घरात पूर्वेच्या भिंतीवर दिशा दाखवणारी पाटी असे. आपल्याकडे तोरेच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असतं.

शोक किती करायचा

मंदिर दोनदा पडलं, इ.स.पू. ५८६ आणि इ.स. ७०. दोन्हींचा शोक आव महिन्याच्या ९ तारखेला, जुलै-ऑगस्टमध्ये, उपास करून आणि जमिनीवर बसून पाळतात. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती तल्मूदमधली दुसरी गोष्ट. मंदिर पडल्यावर काही लोकांनी मांस आणि दारू सोडली. रब्बी येहोशुआंनी कारण विचारलं. ते म्हणाले, ज्या वेदीवर मांस चढायचं, दारू ओतली जायची ती वेदीच राहिली नाही, आम्ही कसं खावं? रब्बी म्हणाले, मग भाकरीही सोडा, धान्याचं अर्पणही बंद आहे. आम्ही फळं खाऊ. फळंही नकोत, पहिल्या फळांचं अर्पणही बंद आहे. आम्ही दुसरी फळं खाऊ. मग पाणीही सोडा, पाणी ओतण्याचा विधी बंद आहे. ते गप्प झाले. तेव्हा येहोशुआ म्हणाले, मुलांनो, अजिबात शोक न करणं शक्य नाही, आणि समाजाला पेलणार नाही एवढा शोक करणंही शक्य नाही. घराला गिलावा करा, थोडी जागा तशीच सोडा.

ती थोडी जागा म्हणजे हातभर लांब, हातभर रुंद, दाराच्या समोर, आत येताच दिसेल अशी. ती आजही काही घरांत दिसते. लग्नात नवरा पायाखाली काचेचा पेला फोडतो तोही याच हिशेबातला. पेसाखच्या रात्री जेवणाच्या शेवटी 'पुढल्या वर्षी जेरुसलेमात' म्हणतात. मंदिराच्या डोंगराला आधार देणाऱ्या भिंतीचा पश्चिमेकडचा तुकडा, कोतेल, लोक तिथे चिठ्ठ्या खोचतात म्हणून आपल्याला फोटोतून माहीत असतो. तिथे प्रार्थना होते ती मंदिराच्या सगळ्यांत जवळ जाता येतं म्हणून. वरच्या पठारावर मुस्लिमांची अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे. तिथे पाऊलच ठेवू नये असं अनेक रब्बी सांगतात, नकळत मंदिराच्या गाभाऱ्याच्या जागेवर पाय पडेल म्हणून.

परतीची ओढ असली तरी दूर राहण्याचाही कायदा तयार झाला. बाबिलोनला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा, त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. तिसऱ्या शतकात बाबिलोनचे श्मुएल यांनी पुढचं पाऊल टाकलं: राज्याचा कायदा तो कायदा. व्यवहारात देशाचं सरकार सांगेल ते ज्यूवर बंधनकारक. ज्यू समाज इतक्या देशांत इतकी शतकं टिकला त्यात या एका वाक्याचा वाटा मोठा आहे.

धर्म आणि राज्य एक नव्हे

थिओडोर हर्झलनी १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे ज्यूंना मायभूमीत स्वतःचं घर मिळावं म्हणणाऱ्या चळवळीची परिषद, भरवली तेव्हा ते स्वतः काही आचार पाळणारे नव्हते. १९०३ मध्ये ब्रिटिशांकडून पूर्व आफ्रिकेत जागेचा प्रस्ताव आला आणि तो त्यांनी परिषदेपुढे ठेवला. सगळ्यांत जोरदार विरोध रशियातून आलेल्या प्रतिनिधींनी केला, ज्यांच्याकडे त्याच वर्षी किशिनेवला ज्यूंची कत्तल झाली होती आणि ज्यांना आसऱ्याची गरज सगळ्यांत जास्त होती. दोन वर्षांत प्रस्ताव बारगळला. पुस्तकातली जमीन बदलून मिळत नाही हे तेव्हा राजकारण्यांनाही कळलं.

उलट टोकाला काही अतिकर्मठ गट इस्रायल राज्यालाच मानत नाहीत. त्यांचा आधारही तल्मूदच: मसीहा, म्हणजे वचन दिलेला मुक्तिदाता, येण्याआधी जोर लावून एकत्र परतायचं नाही, अशी शपथ लोकांना घातल्याचं एका उताऱ्यात आहे. दुसरे म्हणतात, तो उतारा कथेचा आहे, कायद्याचा नाही. धार्मिक झायोनिस्टांना १९४८ चं राज्य मुक्तीची पहाट वाटतं. अनेक ज्यूंना ते एक राज्य वाटतं, चांगलं-वाईट काम करणारं. आणि त्याच भूमीला पॅलेस्टिनी लोकही मायभूमी म्हणतात, त्यांच्या पिढ्या तिथेच शेती करत आल्या, १९४८ च्या युद्धात त्यांतले लाखो विस्थापित झाले. श्मिता किंवा प्रार्थनेच्या दिशेवरून सीमारेषा कुठे असावी याचं उत्तर निघत नाही. निघतं असं सांगणाऱ्यांपासून, ते कुठल्याही बाजूचे असोत, मी चार हात लांब राहतो.

आपल्या बेने इस्रायलांचं काय

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले. कधी, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. ग्रंथ बुडाले, पण शनिवारी घाणा बंद राहिला, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या समाजाच्या चालीरीती लिहून ठेवल्या, त्यांत सणांची मराठी नावं आहेत. नवीन वर्ष तो नव्याचा सण. योम किप्पूर तो दारफाळणीचा सण, दारं लावून घेऊन उपास करायचा म्हणून. आणि मंदिराच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवसाच्या जेवणात वालाचं बिरडं. जेरुसलेमच्या विध्वंसाची आठवण मोड आलेल्या वालांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

त्यांनी कोकणालाही आपलं पवित्र स्थळ दिलं. मलिद्याच्या विधीत भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं ताटात मांडून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण करतात. नवस फेडायला अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला जातात. एलियाहूचा रथ तिथून स्वर्गात गेला आणि खडकावर त्याच्या चाकांची खूण राहिली, अशी श्रद्धा आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत शआर हाराहामीम हे पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि १८४६ मध्ये मुंबईतच पेसाखच्या रात्री वाचायची हागादा मराठीत छापली गेली.

१९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला: अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. पण ज्या धर्मकायद्याने त्यांना तिथे ओढून नेलं, तोच कायदा दारात आडवा आला. ज्यू लग्नाला दोन्ही बाजू निर्विवाद ज्यू लागतात, आणि आधीचा घटस्फोट झाला असेल तर तो शास्त्रोक्त लागतो. इतकी शतकं रब्बींशी संपर्क नसलेल्या समाजात हे सगळं नियमाने झालं असेल कशावरून, असं म्हणून काही रब्बींनी बेने इस्रायलांची लग्नं लावायला नकार दिला. १९६२ मध्ये मुख्य रब्बीपीठाने लेखी सूचना काढल्या: अर्जदार बेने इस्रायल असेल तर त्याच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करा.

समाज चिडला. शब्बाथ पाळला म्हणून ज्यांचं नाव पडलं त्यांनी आता आपण ज्यू असल्याचं सिद्ध करायचं? १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेतने, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत आणि रब्बीपीठाने हा दुजाभाव दूर करावा. रब्बीपीठाने सूचना मागे घेतल्या नाहीत. त्यांतून 'बेने इस्रायल' हे नाव काढलं, आणि ज्याच्या घराण्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी व्हावी, असा मजकूर ठेवला. धरणं उठलं.